लॉग फाईल पुसली तरी डिस्क भरलेलीच का राहते, आणि लॉगरोटेट नीट कसं बसवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात कळमन्याजवळच्या एका मालवाहतूक कार्यालयात उबुंटू सर्व्हर आहे. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे जावात लिहिलेला ट्रक-बुकिंगचा प्रोग्राम. डिस्क ४० जीबीची. संत्र्याचा हंगाम लागला, बुकिंग वाढलं आणि चार दिवसांत डिस्क १०० टक्के भरली. पाहिलं तर बुकिंग.लॉग (प्रोग्राम आपल्या कामाची नोंद लिहितो ती फाईल) शून्य बाइटची आणि शेजारची बुकिंग.लॉग.१ मात्र २२ जीबीची. ती आरएम करून पुसली, तरी डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी आज्ञा) १०० टक्केच दाखवतं. डीयूने सगळ्या डिरेक्टरी मोजल्या तर जेमतेम १६ जीबी भरतात. लॉगरोटेट, म्हणजे जुनी लॉग बाजूला काढून नवी सुरू करणारा ('फिरवणारा') प्रोग्राम, त्याच्या नोंदीत 'साइझ १००एम', त्याखाली 'डेली', शिवाय 'नोटिफएम्प्टी' आणि 'डिलेकॉम्प्रेस' लिहिलेलं होतं. जावाचा प्रोग्राम एका स्क्रिप्टमधून 'जावा -जार बुकिंग.जार > बुकिंग.लॉग' असा सुरू होतो. मग हे झालं कसं, आणि पुढे काय लावावं?

(खाली आज्ञा आणि पर्याय देवनागरीत लिहिले आहेत, टर्मिनलवर ते नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायचे.)

आधी डिस्क मोकळी करा, कारणांचा शोध नंतर. पुसलेली फाईल अजून जिवंत आहे. जावाने ती उघडून धरली आहे, म्हणून तिचं नाव गेलं तरी तिच्या ताब्यातली जागा सुटलेली नाही. 'सुडो एलएसओएफ +एल१' चालवा ('+'नंतरचा एल मोठ्या लिपीतला). ज्यांचं एकही नाव डिस्कवर उरलेलं नाही, पण ज्या कुणीतरी उघडून धरल्या आहेत, अशाच फाईली यात दिसतात. जावाच्या ओळीत प्रोसेसचा क्रमांक, एफडीच्या (उघड्या फाईलचा क्रमांक) रकान्यात '१डब्ल्यू' आणि आकाराच्या रकान्यात २२ जीबीच्या आसपासचा आकडा सापडेल. समजा प्रोसेसचा क्रमांक ४३१२ आहे. मग:

सुडो एसएच -सी ': > /प्रॉक/४३१२/एफडी/१'

एवढ्याने प्रोग्राम बंद न करता जागा तत्काळ सुटते. 'एसएच -सी' आणि अवतरणचिन्हं गाळू नका. नुसतं 'सुडो : > …' लिहिलं तर बाणाचं काम तुमच्या साध्या शेलकडून होतं, त्याला रूटचे (सर्वाधिकारी युजरचे) अधिकार नसतात आणि 'परमिशन डिनाइड' येतं. त्या २२ जीबीत नेमकी चूक काय झाली याचा पुरावा असेल, तर रिकामी करण्याआधी त्याच वाटेने 'सीपी /प्रॉक/४३१२/एफडी/१' करून ती दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. पुसलेली फाईल परत मिळवायची हीच सोपी वेळ. प्रोग्राम एकदा रीस्टार्ट झाला की ती कायमची गेली.

यापुढे भरलेली लॉग फाईल आरएम करायची नाही. 'ट्रंकेट -एस ० फाईलचं-नाव' करायचं.

आता हे घडलं कसं ते. इथे दोन वेगळ्या चुका एकमेकींवर बसल्या आहेत. पहिली 'साइझ' आणि 'डेली'ची. लॉगरोटेटमध्ये हे दोन पर्याय एकत्र नांदत नाहीत. जो शेवटी लिहिला तो लागू होतो. तुमच्या नोंदीत 'डेली' खाली आहे, म्हणजे १०० एमबीची मर्यादा तिथे नव्हतीच. आणि 'डेली' वर असतं तरी फार फरक पडला नसता, कारण लॉगरोटेट हा सतत जागा राहणारा प्रोग्राम नाही. सिस्टीमडीचा (लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचा) टायमर त्याला दिवसातून एकदा उठवतो, तो फाईली बघतो आणि परत झोपतो. त्या दोन वेळांच्या मधे फाईल १०० एमबीची झाली की ५० जीबीची, हे पाहायला कुणी नसतं. आकाराची मर्यादा जितक्या वेळा तपासली जाते तितकीच तिला किंमत.

दुसरी चूक मोठी आहे. फाईलचं नाव आणि फाईल या लिनक्समध्ये दोन गोष्टी आहेत. डिरेक्टरीत फक्त नाव आणि त्यापुढे एक आयनोड क्रमांक, म्हणजे खऱ्या फाईलचा पत्ता, लिहिलेला असतो. प्रोग्राम फाईल उघडतो तेव्हा त्याच्या हाती आयनोड लागतो. नंतर नावाकडे तो बघतच नाही. लॉगरोटेट मूळ पद्धतीत फक्त नाव बदलतो: बुकिंग.लॉगचं बुकिंग.लॉग.१ होतं आणि 'क्रिएट' असेल तर त्या जुन्या नावाने नवी रिकामी फाईल तयार होते. जावाला हे कुणी सांगितलंच नाही. तो त्याच आयनोडवर, म्हणजे आता '.१' झालेल्या फाईलमध्ये लिहीत राहिला. दुसऱ्या रात्री लॉगरोटेट आला, त्याला बुकिंग.लॉग शून्य बाइटची दिसली, आणि 'नोटिफएम्प्टी' म्हणजे रिकामी फाईल फिरवू नको, म्हणून तो काही न करता निघून गेला. तिसऱ्या, चौथ्या रात्रीही तेच.

हे लक्षण पाठ करून ठेवावं असं आहे: मूळ फाईल शून्यावर आणि '.१' वाढत चाललेली. असं दिसलं की लॉगरोटेटचं काम झालंय, पण प्रोग्रामला निरोप पोचलेला नाही. 'नोटिफएम्प्टी' नसतं तर परिस्थिती आणखी वाईट झाली असती. दुसऱ्या रात्री '.१' दाबून (कॉम्प्रेस होऊन) '.२.जीझेड' झाली असती, मूळ पुसली गेली असती, आणि जावा त्या नाव नसलेल्या फाईलमध्ये लिहीत राहिला असता. तेव्हा एलएस, डीयू कशातच काही दिसत नाही. फक्त डीएफचा आकडा वर चढत राहतो.

२२ जीबी हा आकडा चार दिवसांत गाठणं फार अवघडही नाही. जावाचा एक स्टॅक ट्रेस (चूक कुठे झाली याची लांबलचक यादी) सहज ७ केबीचा असतो. डेटाबेसचं कनेक्शन तुटलं आणि प्रोग्राम सेकंदाला १० वेळा तोच अपवाद (एक्सेप्शन) लिहू लागला, तर तासाला सुमारे २५० एमबी, दिवसाला ६ जीबी. गर्दी वाढली की लॉग थोडी वाढते, पण एवढी उडी बहुतेक वेळा चुकांच्या ओळींची असते. तेव्हा ती काढून घेतलेली फाईल जरूर वाचा. कनेक्शन पूलची (डेटाबेसशी तयार ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्याची) मर्यादा संपली होती का, हे पहिल्या शंभर ओळींत कळेल.

प्रोग्रामला निरोप द्यायचे मार्ग तीन. पहिला आणि सगळ्यात स्वच्छ मार्ग सिग्नलचा: नाव बदलून झालं की प्रोग्रामला 'फाईल पुन्हा उघड' असं सांगायचं. एनजिनएक्सला त्यासाठी यूएसआर१ सिग्नल आहे, सिस्टीमच्या लॉग लिहिणाऱ्या आरसिसलॉगला एचयूपी. दुसरा, 'कॉपीट्रंकेट': फाईलची प्रत काढायची आणि मूळ फाईल जागच्या जागी शून्यावर आणायची. आयनोड तोच राहतो, त्यामुळे प्रोग्रामला काही कळवावं लागत नाही. तिसरा, प्रोग्रामने फाईल धरायचीच नाही: जे काही आहे ते स्टँडर्ड आउटपुटवर टाकायचं आणि सिस्टीमडीच्या जर्नलने ते सांभाळायचं, किंवा प्रोग्रामच्या आतल्या लॉगबॅक, लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररींनी स्वतः फाईली फिरवायच्या. या शेवटच्या प्रकारात लॉगरोटेटची नोंद काढून टाका. एकाच फाईलला दोघे फिरवू लागले की दोघांचीही गणती चुकते.

एनजिनएक्ससाठी ही नोंद बसवा:

/व्हार/लॉग/एनजिनएक्स/*.लॉग {
    डेली
    मॅक्ससाइझ २००एम
    रोटेट ४००
    मॅक्सएज १८०
    डेटएक्स्ट
    डेटफॉरमॅट -%वाय%एम%डी-%एच
    मिसिंगओके
    नोटिफएम्प्टी
    कॉम्प्रेस
    डिलेकॉम्प्रेस
    क्रिएट ०६४० डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा एडीएम
    शेअर्डस्क्रिप्ट्स
    पोस्टरोटेट
        [ ! -एफ /रन/एनजिनएक्स.पिड ] || किल -यूएसआर१ $(कॅट /रन/एनजिनएक्स.पिड)
    एंडस्क्रिप्ट
}

यातल्या काही ओळींवर थांबायला हवं. 'मॅक्ससाइझ' हा 'साइझ'चा भाऊ वाटतो, पण तो 'डेली'शी भांडत नाही: दिवस बदलला तरी फिरवतो आणि मधेच २०० एमबी ओलांडले तरी फिरवतो. तुम्हाला हवं होतं ते हेच. त्याचा तिसरा भाऊ 'मिनसाइझ' नेमका उलटा आहे. त्यात दिवसही बदललेला हवा आणि आकारही ओलांडलेला हवा. नावं सारखी असल्यामुळे इथे फार गल्लत होते.

तारखेत '%एच' म्हणजे तास घातलाय (वाय आणि एच मोठ्या लिपीतले, एम आणि डी लहान), कारण आता एका दिवसात दोनदा फिरवायची वेळ येऊ शकते. नुसता 'डेटएक्स्ट' ठेवला तर दुसऱ्या वेळी त्याच नावाची फाईल आधीच असते, लॉगरोटेट 'डेस्टिनेशन आधीच आहे' म्हणून फिरवणं सोडून देतो आणि लॉग वाढत राहते. ३.९ च्या आधीच्या लॉगरोटेटला '%एच' कळत नाही. तिथे '%एस' (लहान लिपीतला) वापरा, तो सेकंदांचा आकडा लावतो. तारीख मात्र वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने हवी. आपल्या सवयीने दिवस आधी लिहिला तर नावांचा अक्षरक्रम काळाच्या क्रमाशी जुळत नाही आणि जुन्या म्हणून भलत्याच फाईली पुसल्या जातात.

'डिलेकॉम्प्रेस' (फिरवलेली फाईल एक फेरी उशिरा दाबणं) एनजिनएक्ससाठी ठेवाच. सिग्नल पोचून सगळ्या वर्कर प्रोसेस नवी फाईल उघडेपर्यंत काही क्षण जातात आणि तोवर जुन्या फाईलमध्ये ओळी पडत असतात. ती लगेच दाबली तर त्या ओळी गेल्या. 'शेअर्डस्क्रिप्ट्स' नसेल तर अ‍ॅक्सेस, एरर आणि प्रत्येक साइटच्या वेगळ्या लॉगमागे पोस्टरोटेट (फिरवून झाल्यावर चालणारी आज्ञा) एकेकदा चालतो. वीस साइट असतील तर चाळीस सिग्नल.

पोस्टरोटेटमध्ये 'सिस्टीमसीटीएल रीलोड एनजिनएक्स' लिहिलेलं पुष्कळ ठिकाणी दिसतं. मी ते लिहिणार नाही. रीलोड म्हणजे कॉन्फिगरेशनही नव्याने वाचणं. संध्याकाळी कुणी साइटची फाईल अर्धवट बदलून घरी गेलं असेल, तर मध्यरात्री रीलोड अपयशी ठरतं, एनजिनएक्स जुन्या कॉन्फिगरेशनवर व्यवस्थित चालत राहतो, पण लॉग फाईल पुन्हा उघडत नाही. साइट चालू असल्यामुळे कुणाला संशयही येत नाही. यूएसआर१ला कॉन्फिगरेशनशी काही देणंघेणं नाही. तो फक्त लॉग उघडतो.

जावासाठी 'कॉपीट्रंकेट' लागेल, पण तुमची स्क्रिप्ट आहे तशी ठेवून तो लावू नका. तिच्यात एकेरी बाण आहे. एकेरी बाणाने उघडलेल्या फाईलमध्ये प्रोग्राम 'मी कुठवर लिहिलंय' ते स्थान लक्षात ठेवून लिहितो. लॉगरोटेटने फाईल शून्यावर आणली तरी जावाच्या हिशेबात तो २०० एमबीवरच असतो. पुढची ओळ तो तिथेच लिहितो आणि आधीची २०० एमबी पोकळी राहते. एलएस मोठा आकडा दाखवतो, डीयू छोटा. डिस्क भरत नाही, पण 'मॅक्ससाइझ'च्या नजरेला फाईल कायम मोठीच दिसते, म्हणून ती दर वेळी फिरवली जाते. आणि प्रत्येक प्रतीच्या सुरुवातीला शून्य बाइटांचा ढीग येतो, ग्रेप (मजकूर शोधणारी आज्ञा) तिला 'बायनरी फाईल' म्हणतो. उपाय एका चिन्हाचा: एकेरी बाणाऐवजी दुहेरी, '>>'. त्याने फाईल अपेंड पद्धतीने उघडते आणि प्रत्येक ओळ त्या क्षणीच्या शेवटाला जाऊन पडते. टॉमकॅट या जावा सर्व्हरची मूळ स्टार्ट स्क्रिप्ट कॅटॅलिना.आउटसाठी दुहेरी बाणच वापरते, म्हणून तिथे 'कॉपीट्रंकेट' बिनबोभाट चालतो.

बदल केल्यावर प्रोग्राम एकदा रीस्टार्ट करावाच लागेल. त्याच वेळी ती स्क्रिप्ट सोडून सिस्टीमडीची सर्व्हिस फाईल केली तर जास्त चांगलं. तिच्यात 'स्टँडर्डआउटपुट=अपेंड:/ऑप्ट/बुकिंग/लॉग/बुकिंग.लॉग' लिहायचं; सिस्टीमडी २४० पासून हे चालतं. 'अपेंड'च्या जागी 'फाईल' लिहिलं तर एकेरी बाणाचाच रोग परत येतो.

/ऑप्ट/बुकिंग/लॉग/बुकिंग.लॉग {
    डेली
    मॅक्ससाइझ २००एम
    रोटेट ४००
    मॅक्सएज १८०
    डेटएक्स्ट
    डेटफॉरमॅट -%वाय%एम%डी-%एच
    मिसिंगओके
    नोटिफएम्प्टी
    कॉम्प्रेस
    कॉपीट्रंकेट
    एसयू बुकिंग बुकिंग
}

इथे 'क्रिएट' लिहून उपयोग नाही, 'कॉपीट्रंकेट' असेल तर तो दुर्लक्षिला जातो. 'डिलेकॉम्प्रेस'चीही गरज नाही, कारण प्रतीला कुणी धरलेलं नसतं. 'एसयू बुकिंग बुकिंग' ही ओळ मात्र लागते, कारण लॉगची डिरेक्टरी रूटची नसून बुकिंग या युजरची आणि त्याच्या ग्रुपला लिहिता येण्याजोगी असते. अशा डिरेक्टरीत रूट म्हणून काम करायला लॉगरोटेट नकार देतो आणि 'पॅरेंट डिरेक्टरीच्या परवानग्या असुरक्षित आहेत' असं सांगतो. त्यावर ७७७ (सगळ्यांना लिहायची परवानगी) देणारे लोक आहेत. त्याने हीच चूक आणखी घट्ट होते.

'कॉपीट्रंकेट'ची किंमतही माहीत असू द्या. प्रत संपणे आणि फाईल शून्यावर येणे यांच्या मधल्या फटीत आलेल्या ओळी कायमच्या जातात. आणि प्रत काढायला तेवढीच मोकळी जागा लागते: २२ जीबीच्या फाईलची प्रत १५ जीबी मोकळ्या डिस्कवर निघत नाही. म्हणून तो लहान फाईलींवर, वारंवार वापरायचा पर्याय आहे. पैशांच्या व्यवहारांची नोंद एखाद्या लॉगमध्ये असेल तर तिला 'कॉपीट्रंकेट' लावू नका; ती लॉगबॅककडेच द्या.

आता टायमर. 'सिस्टीमसीटीएल एडिट लॉगरोटेट.टायमर' चालवून हे लिहा:

[टायमर]
ऑनकॅलेंडर=
ऑनकॅलेंडर=अवरली
अ‍ॅक्युरसीसेक=१एम
रँडमाइज्डडिलेसेक=०

पहिली रिकामी 'ऑनकॅलेंडर=' ओळ जुनी वेळ पुसते; ती नसली तर नवी वेळ जुनीत मिसळते. टायमर तासाला उठू लागला म्हणून 'डेली'च्या फाईली चोवीस वेळा फिरत नाहीत. प्रत्येक फाईल शेवटची कधी फिरवली याची नोंद /व्हार/लिब/लॉगरोटेट/स्टेटस मध्ये असते, तीच बघून ठरतं. याच कारणाने नवी नोंद टाकल्यावर, फाईल २०० एमबीच्या आत असेल तर, पहिल्या फेरीत काही होत नाही: त्या फाईलचं नाव स्टेटसमध्ये नसतं, लॉगरोटेट आजची तारीख टाकतो आणि दिवस बदलायची वाट बघतो. 'काम करत नाही' म्हणून याच टप्प्यावर लोक नोंद उलटसुलट करत बसतात. एक दिवस थांबा.

उन्हाळ्यात एसीला विश्रांती म्हणून रात्री सर्व्हर बंद ठेवणारी छोटी कार्यालयं आहेत, आणि वीज गेल्यावर यूपीएस संपून मशीन झोपणारीही. टायमरमध्ये 'पर्सिस्टंट=ट्रू' मुळातच असतं, म्हणजे हुकलेली वेळ मशीन चालू झाल्यावर भरून काढली जाते. जुन्या मशीनवर क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामने) लॉगरोटेट चालत असेल आणि अ‍ॅनाक्रॉन (हुकलेली कामं नंतर चालवणारा) बसवलेला नसेल, तर मात्र हुकलेली रात्र हुकलीच.

दिवस कुठे बदलतो हेही बघा. भाड्याने घेतलेले क्लाउड सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात. तिथली मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. 'काल रात्री अकराचं बुकिंग कुठल्या फाईलमध्ये' याचं उत्तर त्यावर अवलंबून. भर म्हणजे 'डेटएक्स्ट' फाईल फिरवल्याची तारीख लावतो, मजकुराची नाही. १५ तारखेच्या नावात मुख्यतः १४ तारखेच्या ओळी असतात. 'टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता' करून घ्या आणि नंतर जावाचा प्रोग्राम आणि आरसिसलॉग रीस्टार्ट करा, नाहीतर ते जुन्याच वेळेवर लिहीत राहतील.

तपासणीची पद्धत: 'सुडो लॉगरोटेट -डी /ईटीसी/लॉगरोटेट.कॉन्फ'. '-डी' काहीही बदलत नाही, फक्त काय केलं असतं ते सांगतो. पूर्ण कॉन्फ फाईलच द्या, लॉगरोटेट.डी मधली एकटी फाईल नको. उबुंटूत मुख्य फाईलमध्ये 'एसयू रूट एडीएम' अशी ओळ असते. एकटी एनजिनएक्सची फाईल तपासली तर ती ओळ वाचलीच जात नाही आणि नसलेली परवानगीची चूक दिसू लागते. '-एफ' म्हणजे जबरदस्तीने फिरव. तो एकदाच, विचार करून. 'रोटेट ७' असलेल्या क्रमांकाच्या फाईलींवर प्रयोग म्हणून सात-आठ वेळा '-एफ' चालवला की आठवड्याचा इतिहास संपला.

हाताने चालतं, टायमरवर चालत नाही, अशी तक्रार असेल तर 'जर्नलसीटीएल -यू लॉगरोटेट' वाचा. सर्व्हिस फाईलमध्ये 'प्रायव्हेटटीएमपी' आणि 'प्रोटेक्टसिस्टीम=फुल' असतं: टायमरवरून चालताना लॉगरोटेटला खरी /टीएमपी दिसत नाही आणि /यूएसआर, /ईटीसी मध्ये लिहिता येत नाही. लॉग तिथे ठेवायचीच नाही. रॉकी किंवा अल्मासारख्या सिस्टीमवर /ऑप्ट मधल्या लॉगला एसईलिनक्स (सुरक्षेचा जास्तीचा पहारा) अडवतो. 'सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट'ने त्या डिरेक्टरीला 'व्हार_लॉग_टी' प्रकार देऊन 'रिस्टोरकॉन -आर' चालवावं लागतं. कॉन्फिगरेशनची फाईल स्वतः रूटच्या मालकीची आणि ०६४४ हवी. ग्रुपला लिहिता येत असेल तर लॉगरोटेट तिला हातच लावत नाही.

आणखी दोन खड्डे. लॉगरोटेट.डी मध्ये 'एनजिनएक्स-जुना' अशा नावाने प्रत ठेवली तर तीही वाचली जाते, आणि एकच लॉग दोन नोंदींत सापडली की 'ड्युप्लिकेट लॉग एंट्री' येते. प्रती घरच्या डिरेक्टरीत ठेवा. दुसरा, नोंदीत '/व्हार/लॉग/बुकिंग/*' असं मोकळं चांदणीचिन्ह: फिरवलेल्या फाईलीही पुन्हा फिरू लागतात आणि '.१.१.१.१' अशी शेपटी असलेल्या हजारो फाईली जमतात. मग डिस्कवर जागा असूनही 'नो स्पेस' येतं, कारण आयनोड संपलेले असतात. ते 'डीएफ -आय'ने दिसतं. नेहमी '*.लॉग' लिहा.

डिस्क एकदा पूर्ण भरली होती, त्यामुळे तुमच्याकडे दोन गोष्टी आजच बघून घ्या. स्टेटस फाईल अर्धवट लिहिली गेली असेल तर लॉगरोटेट पहिल्याच ओळीवर अडून बसतो आणि एकही लॉग फिरवत नाही. ती बाजूला हलवा, पुढच्या फेरीत नवी तयार होते. आणि दाबताना जागा संपल्यामुळे राहिलेल्या शून्य बाइटच्या '.जीझेड' फाईली शोधा. त्याच नावाने पुढची दाबायची वेळ आली की अडतं. मूळ फाईल शेजारी आहे याची खात्री करून त्या रिकाम्या '.जीझेड' काढून टाका.

'मॅक्सएज १८०' हा आकडा हवेतून घेतलेला नाही. सर्ट-इनने (सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने) २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०बी(६)खाली दिलेल्या निर्देशांत सर्व्हिस प्रोव्हायडर, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपल्या सिस्टीमचे लॉग सरकत्या १८० दिवसांसाठी सुरक्षित आणि भारतात ठेवावेत असं म्हटलं आहे. घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवण्याचंही त्यात आहे. 'रोटेट ७' ही जुनी सवय इथे चालत नाही. आणि 'साइझ'वर फिरवणाऱ्या फाईलीत 'रोटेट ७' म्हणजे सात दिवस नव्हेतच. चुकांचा पूर आला की ते सात तासही असू शकतात.

जागेचा हिशेब असा करा. एनजिनएक्सच्या नेहमीच्या नमुन्यातली एक ओळ साधारण २५० बाइटची. सेकंदाला सरासरी ५ विनंत्या धरल्या तर दिवसाला ४,३२,००० ओळी, म्हणजे १०८ एमबी. १८० दिवसांचे साडेएकोणीस जीबी. जीझिपने अशी लॉग सुमारे दहाव्या भागावर येते, तेव्हा २ जीबी. हिशेब हंगामातल्या दिवसाचा करा, वर्षाच्या सरासरीचा नको. संत्र्याची वाहतूक असो की हिवाळी अधिवेशनात हॉटेलांचं बुकिंग, डिस्क भरते ती त्याच दिवसांत. 'रोटेट ४००' ही वरची भिंत: २०० एमबीची फाईल दाबून २० एमबी धरली तरी एका लॉगचे ८ जीबीच्या वर जाणार नाहीत. 'मॅक्सएज' फक्त १८० दिवसांहून जुन्या फाईली पुसतो, तेवढे दिवस त्या राहतीलच याची खात्री देत नाही. दोन्ही ठेवूनही चुकांच्या पुरात तासाला एक फाईल फिरू लागली तर ४०० फाईली सतरा दिवसांत संपतात; म्हणून १८० दिवसांची खरी प्रत दुसऱ्या मशीनवर हवी. रात्री आरसिंकने (फाईलींची नक्कल दुसरीकडे नेणाऱ्या प्रोग्रामने) '.जीझेड' फाईली तिकडे न्या. तिथे ०६४० परवानग्या कायम ठेवा. बुकिंगच्या लॉगमध्ये लोकांचे फोन नंबर असतात.

जर्नल आणि डॉकर (प्रोग्राम वेगळ्या 'कंटेनर'मध्ये चालवणारी व्यवस्था) यांच्याशी लॉगरोटेटचा संबंध नाही, हे विसरून लोक तिथे जागा घालवतात. जर्नल मुळात फाईल सिस्टीमच्या १० टक्क्यांपर्यंत, कमाल ४ जीबी, वाढतं, जर्नलडी.कॉन्फमध्ये 'सिस्टीममॅक्सयूझ=१जी' लिहून ते आवरा. डॉकरचा जेसन-फाईल ड्रायव्हर तर मुळात काहीच फिरवत नाही. /ईटीसी/डॉकर/डीमन.जेसन मध्ये 'मॅक्स-साइझ' १०एम आणि 'मॅक्स-फाईल' ३ लिहा. ते फक्त नव्याने बनवलेल्या कंटेनरला लागू होतं, चालू कंटेनर रीस्टार्ट करून भागत नाही, पुन्हा बनवावा लागतो.

शक्य असेल तर /व्हार/लॉग आणि /ऑप्ट/बुकिंग/लॉग वेगळ्या विभाजनावर (पार्टिशनवर) न्या, १५ जीबी पुरेल. मग लॉग कितीही फुगली तरी डेटाबेस आणि रूट विभाजन तिच्यासोबत बुडणार नाही. आणि ८० टक्क्यांवर इशारा देणारी क्रॉनची चार ओळींची स्क्रिप्ट लावा. तिच्यात डीएफच्या आकड्यासोबत आणखी एक तपासणी घाला: बुकिंग.लॉग शून्य बाइटची असून प्रोग्राम चालू आहे का. तुमच्या सर्व्हरवर तो इशारा पहिल्याच सकाळी मिळाला असता, डिस्क भरायच्या तीन दिवस आधी.